'टू'पासून 'इन्टू'पर्यंत : इंग्रजीतील गतिदर्शक अव्यये

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाची अपेक्षा अशी होती की, इतिहासाचा शिक्षक या नात्याने मी महाडच्या किंवा नाशिकच्या सत्याग्रहावर लिहावे. या दोन्ही विषयांवर मी आपल्या सभागृहात इतक्या वेळा बोललो आहे की, माजी विद्यार्थ्यांना ती भाषणे पाठ झाली असतील. या वेळी मी व्याकरणावर लिहीत आहे. महाड आणि नाशिक त्यात येतीलच. ते टाळणे मला जमणारे नाही.

इंग्रजीचे एक गुरुजी निवृत्त झाले आणि नवे रुजू व्हायचे होते, त्या मधल्या काळात आठवी-नववीचे इंग्रजीचे तास माझ्याकडे आले. चौदा एप्रिलच्या जयंतीवर निबंध लिहायला सांगितला होता. एका विद्यार्थिनीने लिहिले, 'द प्रोसेशन वेंट ओव्हर अवर हाऊस.' मी 'ओव्हर'खाली तांबडी रेघ ओढली. ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, 'ओव्हर' म्हणजे 'वरून'च ना? मिरवणूक आमच्या घरावरूनच गेली." तिचे म्हणणे मराठीत शंभर टक्के खरे होते. इंग्रजीत मात्र तिची मिरवणूक निळे झेंडे आणि ढोल-ताशे घेऊन कौलांवरून हवेतून गेली होती. 'ओव्हरच्या जागी पास्ट लिही' एवढेच सांगून मी तिला परत पाठवले. का, ते मला त्या दिवशी सांगता आले नाही. हा लेख म्हणजे तिला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजण्यास हरकत नाही.

मराठीत गती दाखवण्याचे काम विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये करतात, आणि ती नामाच्या मागे जोडली जातात. पंचमीचे 'ऊन, हून', सप्तमीचे 'त, ई, आ', चतुर्थीचे 'ला', शिवाय 'कडे', 'पर्यंत', 'वर', 'वरून', 'मधून', 'पलीकडे' एवढ्या सामग्रीवर आपला सारा प्रवास चालतो. इंग्रजीत हेच काम करणारा शब्द नामाच्या आधी येतो. 'प्रीपोझिशन' या नावातील 'प्री' तेच सांगतो. पण अडचण जागेची नाही. मागचा शब्द पुढे नेण्याची सवय मुलांना आठ दिवसांत होते. अडचण अशी की, मराठीचा एक प्रत्यय जिथे तीन-चार अर्थ सांभाळतो, तिथे इंग्रजीने प्रत्येक अर्थासाठी वेगळा शब्द ठेवला आहे. म्हणून 'वरून म्हणजे ओव्हर', 'त म्हणजे इन' अशी जोड्या लावलेली यादी पाठ करणे हेच चुकांचे मूळ आहे. आपण शिक्षकच ती यादी फळ्यावर लिहून देतो. मीही कित्येक वर्षे दिली.

'वरून' हाच शब्द घेऊ. 'पक्षी झाडावरून उडत गेला' हे वाक्य दोन अर्थांचे आहे. तो झाडावर बसला होता आणि तेथून उडाला, असा अर्थ असेल तर इंग्रजीत 'ऑफ द ट्री' किंवा 'फ्रॉम द ट्री'. तो दुरून आला आणि झाडाच्या शेंड्यावरच्या आकाशातून पुढे गेला, असा अर्थ असेल तर 'ओव्हर द ट्री'. 'आम्ही पुलावरून गेलो' येथे 'ओव्हर द ब्रिज' किंवा 'अक्रॉस द ब्रिज' दोन्ही चालते. 'पुस्तक टेबलावरून पडले' येथे फक्त 'ऑफ द टेबल'. आणि 'मिरवणूक घरावरून गेली', 'मी रोज शाळेवरून जातो' येथे 'वरून' म्हणजे बाजूने, समोरून पुढे निघून जाणे. त्याला इंग्रजीत 'पास्ट'. ज्या वस्तूला आपण ओलांडून मागे टाकतो, पण जिच्या आत शिरत नाही आणि जिच्यावर चढत नाही, तिच्यापुढे 'पास्ट'. हे त्या मुलीला सांगायला हवे होते.

'वर'चेही असेच आहे. आपण 'स्टेशनवर जातो', 'विहिरीवर जातो', 'कामावर जातो', 'तळ्यावर जातो'. यांपैकी कोठेही आपण कशाच्या माथ्यावर चढत नाही. महाडच्या धड्यावरील प्रश्नाच्या उत्तरात दरवर्षी एखादा विद्यार्थी लिहितोच, 'दे वेंट ऑन द टँक.' इंग्रजीत 'टँक' म्हणजे रणगाडाही होतो, त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फारच निराळे चित्र उभे राहते! दुसरा कोणी जपून 'इन्टू द टँक' लिहितो. तेव्हा हजारो सत्याग्रही पाण्यात उतरून बुडाले की काय, अशी शंका येते. २० मार्च १९२७ रोजी परिषदेच्या मंडपापासून निघालेली मिरवणूक महाडच्या रस्त्यांतून चवदार तळ्यापर्यंत गेली आणि बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले. इंग्रजीत हे असे होते : 'दे मार्च्ड फ्रॉम द पँडॉल थ्रू द स्ट्रीट्स ऑव्ह महाड टू द टँक.' जेथून निघाले ते 'फ्रॉम', ज्याच्या आतून पार झाले ते 'थ्रू', जेथे पोहोचले ते 'टू'. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच मंजूर झाला होता, महाडच्या नगरपालिकेनेही तो स्वीकारला होता. कागदावर तळे खुले होते. त्या कागदापासून तळ्यापर्यंतचे अंतर चालून जावे लागले, आणि या वाक्यातील 'टू' त्या चालण्याचा शेवटचा बिंदू आहे. 'टू' पोहोचण्याची जागा दाखवतो. आत शिरलो की नाही, हे तो सांगत नाही.

आता मी ज्या भागाकडे येतो तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मराठीत 'शाळेत गेलो', 'बाजारात गेलो', 'देवळात गेलो' ही तिन्ही वाक्ये सारखीच दिसतात. सप्तमीचा 'त' नुसते जाणेही सांगतो आणि आत शिरणेही सांगतो. इंग्रजी हे दोन अर्थ वेगळे करते. 'वेंट टू द टेंपल' म्हणजे देवळाला गेला; तो पायरीशी थांबला असला तरी वाक्य खोटे ठरत नाही. 'वेंट इन्टू द टेंपल' म्हणजे उंबरठा ओलांडला.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. मिरवणूक मंदिराच्या दिशेने निघाली, मंदिराशी आली, दरवाजापर्यंत गेली. दरवाजे बंद होते. पुढे कित्येक दिवस सत्याग्रही त्या दरवाजांसमोर बसून राहिले. या एका घटनेत इंग्रजीची चार अव्यये ओळीने उभी आहेत. मंदिराच्या दिशेने निघाले, पोहोचण्याचा अजून प्रश्न नाही, तेथे 'टुवर्ड्‌स द टेंपल'. मंदिराशी पोहोचले, 'टू द टेंपल'. नेमके कोठवर गेले हे सांगायचे, 'अप टू द गेट' किंवा 'अ‍ॅज फार अ‍ॅज द गेट'. आणि जे होऊ दिले गेले नाही ते 'इन्टू द टेंपल'. मी वर्गात फळ्यावर मंदिराची चौकट काढून या चारही अव्ययांच्या जागा खडूने दाखवतो. एकदा दाखवल्यावर 'टू' आणि 'इन्टू' यांत गोंधळ करणारा विद्यार्थी मला क्वचितच आढळला.

हा केवळ परीक्षेच्या गुणांचा प्रश्न नाही, याची जाणीव मला एका माजी विद्यार्थ्याने करून दिली. तो एका वकिलांकडे कामाला लागला होता. एका गावातील वस्तीवरील लोकांच्या मराठी जबाबाचे इंग्रजी भाषांतर त्याच्याकडे आले होते. मूळ वाक्य होते, 'आम्हाला देवळात जाऊ दिले नाही.' त्याने लिहिले, 'वी वेअर नॉट अलाउड टू गो टू द टेंपल.' त्याच जबाबात पुढे होते की, सर्व जण देवळाच्या पायऱ्यांपर्यंत गेले आणि तेथे त्यांना अडवले गेले. इंग्रजी वाचणारा परका माणूस लगेच विचारणार, जाऊ दिले नाही म्हणता, मग पायऱ्यांशी कसे पोहोचलात? मराठीत विसंगती मुळीच नव्हती. भाषांतरात ती एका शब्दाने निर्माण झाली होती. भाषांतर पुढे जाण्याआधी त्याने मला फोन केला, आणि 'टू'च्या जागी 'इन्टू' झाले. खरे बोलणारा माणूस केवळ परक्या भाषेतील अव्ययामुळे खोटा दिसू शकतो, हे आपल्या मुलांना नववीतच कळलेले बरे.

'इन' आणि 'इन्टू' यांतील फरकही याच ठिकाणी सांगून टाकतो. 'ही वॉक्ड इन्टू द हॉल' म्हणजे तो बाहेरून सभागृहात आला. 'ही वॉक्ड इन द हॉल' म्हणजे तो आधीपासून आतच होता आणि आतल्या आत फेऱ्या मारत होता. 'ऑन' आणि 'ऑन्टू' यांचे नातेही तसेच आहे : मांजर छपरावर चालत असेल तर 'ऑन', जमिनीवरून उडी मारून छपरावर गेले तर 'ऑन्टू'. बोलताना इंग्रज माणूसही 'इन' आणि 'ऑन' यांवर भागवतो. 'पुट इट इन द बॉक्स' हे अगदी शुद्ध इंग्रजी आहे. त्यामुळे तेथे मी तांबडी रेघ ओढत नाही. अर्थ बदलत असेल तेव्हाच ओढतो.

काही क्रियापदांच्या पोटातच गती भरलेली असते, त्यांना वेगळे अव्यय लागत नाही. आपल्याकडील सर्वांत मोठ्या चुका येथे होतात, आणि त्या पदवीधर माणसेही करतात. 'आय रीच्ड टू नागपूर' हे मी मोठ्या व्यासपीठांवरून ऐकले आहे. मुलाखतीत मी स्वतःही ते बोललो होतो; समोरच्या गृहस्थांनी हसू दाबले नाही, आणि चूक कोणती हे मला घरी येऊन शोधावे लागले. 'रीच'ला 'टू' नको : 'रीच्ड नागपूर'. 'एंटर'ला 'इन' किंवा 'इन्टू' नको : 'एंटर्ड द टेंपल'. 'क्रॉस'ला 'अक्रॉस' नको. 'लीव्ह'ला 'फ्रॉम' नको : 'लेफ्ट बॉम्बे'. कोठे जायला निघाला हे सांगायचे असेल तर 'फॉर' येतो. १९१३ साली बाबासाहेब मुंबई सोडून न्यूयॉर्कला निघाले, हे वाक्य 'ही लेफ्ट बॉम्बे फॉर न्यूयॉर्क' असे होते. त्यात 'फ्रॉम'ही नाही आणि 'टू'ही नाही. न्यूयॉर्कला ते आले, हे 'अराइव्ह'ने सांगायचे तर 'अराइव्ह्‌ड इन न्यूयॉर्क'. 'अराइव्ह'पुढे 'टू' कधीही येत नाही. शहर किंवा देश असेल तर 'इन', स्टेशन, बंदर, महाविद्यालयाचे फाटक असे ठिकाण असेल तर 'अ‍ॅट'.

'होम', 'हिअर', 'देअर', 'अ‍ॅब्रॉड' या शब्दांपुढेही 'टू' लागत नाही. 'घरी' या शब्दातील 'ई' हा प्रत्यय जसा शब्दातच मुरला आहे, तसाच इंग्रजीत 'होम'मध्ये 'टू' मुरला आहे, असे मी मुलांना सांगतो. म्हणून 'गो होम', 'गो टू होम' नव्हे. पण 'माय होम' किंवा 'माय हाऊस' म्हटले की 'टू' परत येतो.

'एंटर'विषयी एक गंमत सांगितली पाहिजे. देवळात शिरायचे असेल तर 'एंटर'ला अव्यय नको. करारात शिरायचे असेल तर मात्र 'इन्टू' हवाच. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात पुणे करार झाला. इंग्रजीत त्या करारात दोन्ही बाजू 'एंटर्ड इन्टू' होतात. करार, चर्चा, वाटाघाटी अशा अमूर्त गोष्टींपुढे 'एंटर इन्टू', प्रत्यक्ष जागेपुढे नुसते 'एंटर'. यामागे काही तर्क शोधण्याचा मी प्रयत्न केला. हाती काही लागले नाही. ते पाठच करावे.

वाहनांचा नियम बाबासाहेबांच्या बालपणातील एका प्रवासावरून समजावून देता येतो. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणात त्यांनी तो स्वतः सांगितला आहे. १९०१ सालची गोष्ट. वडील गोरेगावला नोकरीस होते. त्यांना भेटण्यासाठी भीमराव आणि बरोबरची मुले साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनला उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. मुलांची जात कळल्यावर स्टेशनमास्तरांचा सूर बदलला आणि कोणी गाडीवान बसवून घेईना. अखेर दुप्पट भाडे ठरले, मुलांनी स्वतः बैल हाकायचे आणि गाडीवानाने गाडीबरोबर पायी चालायचे, अशा अटीवर बैलगाडी मिळाली. वाटेत रात्री पाणी मिळाले नाही. गोरेगावला मुले दुसऱ्या दिवशी पोहोचली.

या प्रवासात आगगाडीतून उतरणे 'गेट ऑफ द ट्रेन' आहे, आणि बैलगाडीत बसणे 'गेट इन्टू द कार्ट'. ज्या वाहनात उभे राहून चार पावले चालता येते, म्हणजे आगगाडी, एस. टी., जहाज, विमान, त्यात चढणे 'ऑन' आणि उतरणे 'ऑफ'. ज्यात वाकून शिरावे लागते आणि बसूनच राहावे लागते, म्हणजे मोटार, रिक्षा, टांगा, त्यात 'इन्टू' आणि 'आउट ऑव्ह'. ज्यावर पाय टाकून बसायचे, म्हणजे घोडा, सायकल, मोटारसायकल, तेथे पुन्हा 'ऑन' आणि 'ऑफ'. आपल्याकडे बसमधून उतरणे याला 'गेट डाउन फ्रॉम द बस' असे सर्रास म्हणतात. भारतात ते सर्वांना समजते, कंडक्टरला तर तेच समजते. मी त्याला चूक म्हणत नाही. परदेशी नोकरीला गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी मात्र 'गेट ऑफ' म्हणावे. आणि त्या रात्रभर चाललेल्या गाडीचे वर्णन करायचे तर 'टुवर्ड्‌स गोरेगाव' म्हणावे लागेल; 'टू' म्हणण्याचा अधिकार दुसऱ्या दिवशी पोहोचल्यावर येतो. येथे 'ऑफ' आणि 'ऑव्ह' यांचा गोंधळ नको. सुटणे, वेगळे होणे दाखवणारा तो दोन एफांचा 'ऑफ'.

'तून' हा प्रत्यय तर पंचमुखी आहे. 'वसतिगृहातून आला' म्हणजे 'फ्रॉम द हॉस्टेल'. नेमके आतून बाहेर पडला असे दाखवायचे तर 'आउट ऑव्ह द हॉस्टेल'. 'दारातून आला' म्हणजे 'थ्रू द डोअर', कारण दार ही राहण्याची जागा नव्हे, पार होण्याची जागा आहे. 'नदीतून गेला' म्हणजे पाण्यात पाय घालून गेला तर 'थ्रू द रिव्हर', या काठावरून त्या काठाला गेला एवढेच सांगायचे तर 'अक्रॉस द रिव्हर'. मज्झिम निकायात तथागतांनी तराफ्याचा दृष्टान्त दिला आहे : तराफ्याने पैलतीर गाठावा, पण पैलतीरी गेल्यावर तो डोक्यावर घेऊन फिरू नये. तराफ्यावरचा माणूस 'अक्रॉस द रिव्हर' जातो. 'थ्रू' म्हटले तर तराफ्याची गरजच काय होती? पृष्ठभाग असेल आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायचे असेल तेथे 'अक्रॉस'; रस्ता, मैदान, नदी, वाळवंट. भोवती चारी बाजूंनी काही असेल आणि त्यातून वाट काढायची असेल तेथे 'थ्रू'. बोगदा, जंगल, गर्दी. कसारा घाटातली आगगाडी बोगद्यातून जाते ती 'थ्रू द टनेल'.

बडोद्याचा प्रसंगही 'तून'च्या संदर्भात आठवतो. १९१७ साली संस्थानच्या नोकरीसाठी बाबासाहेब तेथे गेले, राहायला जागा मिळेना म्हणून एका पारशी उतारूगृहात राहिले, आणि कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून निघून जायला लावले. कोलंबियातून शिकून आलेल्या माणसाला 'आउट ऑव्ह द इन' काढण्यात आले. येथे 'फ्रॉम'ही व्याकरणाने चालेल, पण ते फिके आहे. 'फ्रॉम' फक्त आरंभबिंदू सांगतो. 'आउट ऑव्ह' म्हटले की आत असणे आणि आतून बाहेर केले जाणे, दोन्ही गोष्टी त्यात येतात.

'अलाँग' हे अव्यय मुले विसरतात, कारण मराठीत त्याला स्वतंत्र शब्द नाही. 'रस्त्याने', 'काठाकाठाने', 'भिंतीलगत' अशा निरनिराळ्या रूपांत ते लपलेले असते. अजिंठ्याच्या शैक्षणिक सहलीत मी ते शिकवतो. वाघोरा नदीने नालेच्या आकाराचे वळण घेतले आहे आणि त्या वळणाच्या कड्यात लेणी कोरलेली आहेत. आपण पायऱ्या चढून जातो, 'अप द स्टेप्स'. मग कड्याच्या कडेने एका लेण्याकडून दुसऱ्याकडे, 'अलाँग द क्लिफ'. दहाव्या लेण्यात शिरतो, 'इन्टू द केव्ह'. खांबांची रांग आणि भिंत यांच्या मधून, 'बिट्वीन'. स्तूपाभोवती प्रदक्षिणा, 'अराउंड द स्तूप'. सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाची पहुडलेली मूर्ती आहे. तिच्या मस्तकापासून चरणांपर्यंत भिंतीच्या कडेने सावकाश चालत जावे लागते, तेव्हाच ती पूर्ण दिसते. तेथे मुलांना थांबवून मी विचारतो, आपण मूर्तीच्या 'पास्ट' गेलो की 'अलाँग'? घाईने पुढे निघून गेलेला 'पास्ट' गेला. तिच्या लांबीबरोबर चालत गेलेला 'अलाँग' गेला. सहलीच्या अहवालात हा फरक कोणी नीट लिहिला की मला त्या वर्षीचा पगार वसूल झाल्यासारखे वाटते.

आपल्याशी निकटचा असा आणखी एक प्रयोग म्हणजे धम्मदीक्षेचा. 'बौद्ध धम्मात प्रवेश केला' याचे भाषांतर मुले 'कन्व्हर्टेड इन बुद्धिझम' असे करतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे घडले ते इंग्रजीत 'कन्व्हर्जन टू बुद्धिझम' आहे. माणूस धर्म बदलतो तेव्हा 'टू'. वस्तूचे रूप पालटते तेव्हा 'इन्टू'. रुपयांचे डॉलर होतात, जुन्या गोदामाचे वाचनालय होते, तेथे 'कन्व्हर्टेड इन्टू'. ज्यातून गेलो ते सांगायला 'फ्रॉम'. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ची. त्या 'फ्रॉम'पासून या 'टू'पर्यंत पोहोचायला एकवीस वर्षे लागली.

त्रिशरण आपण रोज म्हणतो. त्यातील 'गच्छामि' हे गतीचेच क्रियापद आहे. पालीत ज्याकडे जायचे ते नाम द्वितीयेत ठेवले की काम भागते, अव्ययाची गरज पडत नाही. इंग्रजीत भाषांतर करणाऱ्याला मात्र निर्णय घ्यावा लागतो. 'गो' ठेवले तर बुद्धापुढे 'टू' आणि शरणापुढे 'फॉर' लागतो. 'टेक रेफ्यूज' असा प्रयोग केला तर बुद्धापुढे 'इन' लागतो. दोन्ही प्रकारची भाषांतरे प्रचलित आहेत. मला पहिले अधिक जवळचे वाटते, कारण मूळ शब्दातील चालणे त्यात टिकून राहते. दुसऱ्यात माणूस एका जागी बसल्यासारखा वाटतो. हे माझे वैयक्तिक मत आहे, आपल्या विहारातील आदरणीय भन्तेजींचे मत वेगळे असू शकते.

शेवटी एक अव्यय राहिले, 'थ्रूआउट'. भारतीय संविधानाच्या १९व्या अनुच्छेदातील पहिल्या खंडाच्या 'ड' उपखंडात नागरिकांना भारताच्या राज्यक्षेत्रात मुक्तपणे संचार करण्याचे स्वातंत्र्य दिलेले आहे. इंग्रजी पाठात तेथे 'थ्रू' नाही, 'थ्रूआउट' आहे. 'थ्रू' म्हणजे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडणे. गावातून जाणारी वाट 'थ्रू द व्हिलेज' असते. 'थ्रूआउट' म्हणजे कोनाकोपऱ्यासह सर्वत्र. हा फरक सांगत असताना मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, आमच्या गावात जयंतीची मिरवणूक वरच्या आळीतून नेऊ देत नाहीत. मग ते 'थ्रूआउट'मध्ये येते का?" मिरवणुकीसाठी पोलिसांची परवानगी लागते, मार्ग ठरवून घ्यावा लागतो, सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंध घालता येतात, हे सर्व मी त्याला सांगितले. मग सांगितले की वरची आळी भारताच्या राज्यक्षेत्रातच आहे. वर्ग हसला. तो मुलगा हसला नाही. त्याने वहीत 'थ्रूआउट' लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

पालकांना एक विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुले घरी आली की त्यांना वसतिगृहापासून घरापर्यंतचा प्रवास इंग्रजीत सांगायला लावा. फाटकातून बाहेर कसा पडलास, एस. टी.त कोठे चढलास, बस कोणत्या गावांवरून गेली, पूल कोणता लागला, स्टँडवर उतरल्यावर कोणत्या रस्त्याने आलास, आणि शेवटी घरी. तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी चालेल. रस्ता तुमच्या ओळखीचा आहे. मुलाने 'गो टू होम' म्हटले तर तेवढे मात्र दुरुस्त करा.